खडबडीत रस्ता आणि योग्यतेचा प्रश्न

एखाद्या वस्तूचे चांगलेपण त्या वस्तूतच वसते, की ती ज्या परिस्थितीत वापरली जाते तिच्याशी असलेल्या संबंधात, हा प्रश्न तत्त्वचिंतनात फार जुना असला तरी त्याची उत्तरे बहुधा अमूर्त उदाहरणांवर तपासली जातात, आणि अमूर्त उदाहरण कोणत्याही मताला फारसा विरोध करीत नाही. खडबडीत रस्त्यावर धावणाऱ्या स्पोर्ट्स कारला कोणत्या मापाची चाके आणि टायर बसवावेत, हा व्यवहारातला निर्णय मात्र असा विरोध करू शकतो. कारण तेथे चुकीच्या उत्तराचे फळ वाकलेल्या रिमच्या किंवा फाटलेल्या टायरच्या रूपाने लगेच पदरात पडते.

टायरवर २२५/४५ आर १७ असे लिहिलेले असते तेव्हा पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा त्याच्या साइडवॉलची, म्हणजे बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो, ‘आर’ हे अक्षर रेडियल बांधणी दर्शवते आणि शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचांत देतो. या मापात साइडवॉल सुमारे १०१ मिमी आणि टायरसह चाकाचा एकूण व्यास सुमारे ६३४ मिमी भरतो. २२५/४० आर १८ या मापात एकूण व्यास ६३७ मिमी, म्हणजे जवळपास तेवढाच राहतो, पण साइडवॉल ९० मिमीवर येते. उलट २०५/५५ आर १६ मध्ये व्यास ६३२ मिमी आणि साइडवॉल जवळजवळ ११३ मिमी असते. एकूण व्यास मनाला येईल तसा बदलता येत नाही, कारण तो बदलला की स्पीडोमीटरचा आकडा चुकतो, गिअरचे गुणोत्तर परिणामतः बदलते आणि तो वाढल्यास चाक मडगार्डच्या आत घासू शकते. त्यामुळे ठरलेल्या व्यासात रिमचा धातू जितकी जागा अडवतो, तितकी हवेची जागा कमी होते, आणि मापाची निवड म्हणजे मुळात धातू आणि हवा यांच्यातली ही वाटणी होय.

गुळगुळीत डांबरी रस्त्यावर आखूड साइडवॉल वळणात कमी वाकते आणि स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत तत्काळ पोहोचते, म्हणून तिला गुण मानले जाते, आणि ते योग्यच आहे. पण खड्ड्याच्या धारदार कडेवर तीच साइडवॉल रिम आणि कड यांच्यात चिरडली जाते, तिच्यातले धागे तुटतात आणि टायरला फुगवटा येतो. विचारात घेण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे. मोठे चाक बहुधा जड असते आणि चाकाचे वजन स्प्रिंगच्या खाली, म्हणजे स्प्रिंगने न पेललेल्या वस्तुमानात मोडते. हे वस्तुमान जितके अधिक, तितके चाक रस्त्याच्या चढउतारांमागोमाग जाण्यात मागे पडते आणि क्षणोक्षणी जमिनीवरची पकड सोडते. म्हणजे ज्या पकडीसाठी मोठी रिम आणि आखूड टायर निवडले, तीच पकड खडबडीत रस्त्यावर त्यांच्यामुळे घटते. जागतिक रॅली स्पर्धेतील मोटारी डांबरी टप्प्यांवर १८ इंची आणि खडी-मातीच्या टप्प्यांवर १५ इंची चाके वापरतात, त्यामागे हेच कारण आहे. शिवाय सुट्या खडीवर अरुंद टायर वरचा थर कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोहोचतो, तर रुंद टायर त्या थरावरच तरंगतो.

या वस्तुस्थितीचा अर्थ लावण्यासाठी जैन दर्शनातील अनेकान्तवाद, म्हणजे वस्तू अनेक धर्मांनी युक्त असते आणि प्रत्येक विधान विशिष्ट अपेक्षेनेच खरे ठरते हा सिद्धान्त, विशेष उपयोगी पडतो. जैन आचार्य समंतभद्रांच्या ‘आप्तमीमांसा’ या ग्रंथात वस्तूचे अस्तित्व स्वतःच्या द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव या चार अपेक्षांनी, आणि नास्तित्व परक्या द्रव्यादिकांच्या अपेक्षेने मांडले आहे. तेथे चर्चा अस्तित्वाची आहे. ती योग्यतेला लावणे हे एक पाऊल पुढे जाणे आहे, परंतु ते सयुक्तिक वाटते. टायरचे द्रव्य म्हणजे त्याचे रबर आणि बांधणी, क्षेत्र म्हणजे रस्ता, काल म्हणजे पावसाळा की उन्हाळा, आणि भाव म्हणजे त्यातील हवेचा दाब व झीज यांसारखी त्या वेळची अवस्था.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात अनेकान्तवादावर असा आक्षेप घेतला आहे की, एकाच वस्तूत परस्परविरुद्ध धर्म मानले तर ज्ञान अनिश्चित राहते आणि त्यावर विसंबून कोणी कृती करू शकणार नाही. आक्षेप गंभीर आहे, कारण सापेक्षतेच्या नावाखाली आवडीलाच प्रमाण मानण्याची प्रवृत्ती खरोखर आढळते. पण टायरच्या बाबतीत अपेक्षा एकदा ठरली की उत्तरही बऱ्याच अंशी ठरते: १६ इंची रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासत असेल तर ती कोणाच्याही रुचीने योग्य ठरत नाही, आणि ९१ हा भारनिर्देशांक असलेला टायर ठरलेल्या दाबाला जास्तीत जास्त ६१५ किलो पेलतो, या मर्यादेवर कोणाच्या मताचा परिणाम होत नाही. जे सापेक्ष आहे ते अशा प्रकारे पूर्णपणे निश्चित असू शकते.

ॲरिस्टॉटलनेही मध्यबिंदू वस्तूचा आणि ‘आपल्या अपेक्षेने’ असा दोन प्रकारचा मानला. मिलो या मल्लाला अपुरा ठरणारा आहार नवशिक्याला जास्त होतो, हे त्याचे उदाहरण. म्हणून १६ आणि १८ यांच्या मधले १७ हे केवळ मधले असल्याने योग्य ठरत नाही.

तरीही एक शंका उरते: रस्त्यापुढे इतके नमल्यावर स्पोर्ट्स कारचे स्वरूप टिकते काय? डॅटसन २४०झेड ही १९६९ मध्ये सादर झालेली स्पोर्ट्स कार मुळातच १४ इंची रिम आणि १७५ मिमी रुंदीच्या, उंच साइडवॉलच्या टायरवर उभी होती. तिने पूर्व आफ्रिकेच्या धुळीच्या आणि चिखलाच्या रस्त्यांवर १९७१ साली एडगर हेरमन आणि १९७३ साली युगांडात जन्मलेले भारतीय वंशाचे शेखर मेहता यांच्या हाती सफारी रॅली जिंकली. तिच्या स्पोर्ट्स कारपणाविषयी तेव्हा कोणी शंका घेतली नाही. रुंद आणि चपटा टायर हे या जातीच्या मोटारीचे लक्षण नंतरच्या काळात रूढ झाले, आणि रूढ लक्षणाला स्वभाव समजणे ही विचारातली मोठी चूक आहे.

खरी अडचण मिश्र मार्गाची असते, जेथे एकाच प्रवासात उत्तम महामार्ग आणि फुटलेला रस्ता दोन्ही येतात आणि चाकांचा संच मात्र एकच असतो. अशा वेळी दोन्ही रस्त्यांच्या अंतराची सरासरी काढून निर्णय घेणे बरोबर नाही, कारण दोन हानी सारख्या जातीच्या नाहीत. उंच साइडवॉलमुळे स्टिअरिंगची तीक्ष्णता थोडी उणी होते आणि चालक तिच्याशी जुळवून घेतो. वेगात फुटलेला टायर ही संधी देत नाही, आणि त्याची झळ ज्यांनी त्या मापाची निवड केलेली नाही अशा पादचाऱ्यांना व दुचाकीस्वारांनाही बसते. म्हणून वाईट रस्ता अंतराने थोडा असला तरी निर्णयात त्याला अधिक वजन देणे न्याय्य आहे: कॅलिपरला वाव देणारी सर्वांत लहान रिम, मूळ व्यासाच्या जवळ राहणारी सर्वांत उंच साइडवॉल, आणि उत्पादकाने नेमून दिलेल्यापेक्षा कमी नसलेला भारनिर्देशांक.