पट्टी

एका हंगेरियन हौशी माणसानं बनवलेला हा सिम्युलेटर फुकट मिळतो. पडद्यावर एस-७५ ची केबिन. विमानं पाडणाऱ्या सोव्हिएत क्षेपणास्त्राची. बटणांवरची अक्षरं रशियन. जॅमिंग, म्हणजे रडार बुजवणारा विमानाचा गोंगाट, नसेल तर विमान म्हणजे एक ठिपका. धरायचा आणि सोडायचं क्षेपणास्त्र. त्यात शिकण्यासारखं थोडंच.

जॅमिंग सुरू झालं की ठिपका बुडतो आणि पडद्यावर वरपासून खालपर्यंत उजळ पट्टी उभी राहते. पहिल्या रात्री वाटलं, सगळंच गेलं. गेलं होतं फक्त अंतर. दिशा तर आधीपेक्षा ठळक.

ओरडणारा किती लांब आहे ते कळत नाही; कुठल्या अंगाला आहे ते साऱ्या गावाला कळतं.

खऱ्या केबिनीत तिघं चाकं फिरवत बसत. एकाकडे दिशा, दुसऱ्याकडे उंचीचा कोन, तिसऱ्याकडे अंतर. पट्टी आली की तिसऱ्याचे हात रिकामे. तो तेव्हा काय करत असेल? घरी माउस एकटाच तिघांचं काम करतो, त्यामुळे हे रिकामपण मला कधी भोगावं लागलं नाही.

अंतर नसेल तर उरते ‘तीन बिंदूं’ची रीत : रडार, क्षेपणास्त्र, विमान एका रेषेत ठेवायचं. अंतर ठाऊक असतं तेव्हा क्षेपणास्त्र विमानाच्या पुढ्यात झुकतं. इथे त्याला विमानाबरोबर वळत राहावं लागतं. विमान पल्ल्यात होतं की नव्हतं, हे सोडल्यावरच कळतं. माझी बरीचशी क्षेपणास्त्रं वाटेतच संपली.

पण पट्टीवर नेम धरताना आपल्या रडारचा झोत बंद ठेवता येतो. उजेड समोरच्याचाच. रडारचा माग काढत येणाऱ्या अमेरिकी श्राइक क्षेपणास्त्राला मग धरायला फारसं काही उरत नाही.

धीर धरला तर ठिपका परततोही. विमान निम्म्या अंतरावर आलं की जॅमिंग चौपट होतं, आणि विमानावरून परतणारी लहर सोळापट. फक्त तोवर बॉम्ब पडून गेलेले असू शकतात.

हनोईवर डिसेंबर १९७२ मध्ये अमेरिकेची बी-५२ बॉम्बफेकी विमानं तीन-तीनच्या गटानं येत. पट्ट्या एकमेकींत मिसळलेल्या. एस-७५ चालवणाऱ्या व्हिएतनामी पथकांनी त्या वाचायला शिकून घेतल्या. बॉम्ब टाकून परत फिरताना विमान कलायचं, जॅमरचे अँटेना जमिनीवरून बाजूला वळायचे, आणि नेमकी तेव्हा पट्टी विरळ व्हायची. १८ ते २९ डिसेंबरमध्ये १५ बी-५२ पडली.

त्यांतल्या एकाचा सांगाडा हनोईच्या हू टिएप तळ्यात अजून पाण्याबाहेर दिसतो. भोवती दाट वस्ती आहे.