कडी लावलेल्या खोलीचा खटला

लहान मुलाला खोलीत कोंडून कामावर जाणाऱ्या आईबापांना तुरुंगात टाका, आणि वरच्या न्यायालयाने अपिलात त्यांना दया दाखवू नये, असे काळेवाडीतल्या एका व्याख्यानात एका निवृत्त अधिकाऱ्यांनी ठणकावून सांगितले. टाळ्याही पडल्या. मला हे म्हणणे घातक वाटते.

काळेवाडीतून चाकणच्या कारखान्यातली पहिली पाळी गाठायची तर कंपनीची बस पहाटेच पकडावी लागते. नवरा रात्रपाळीहून परतायच्या आत बायको निघालेली असते. अंगणवाडी उघडायला अवकाश असतो, गावाकडची आजी गावाकडेच असते. मधल्या वेळेत पोर झोपलेले आणि दाराला बाहेरून कडी.

बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 75 नुसार मुलाकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच कलमात एक सवलत आहे. जन्मदात्यांनी आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल टाकून दिले असेल, तर ते जाणूनबुजून केले नाही असेच धरायचे, शिक्षा करायची नाही. सवलत योग्यच आहे. पण ती फक्त टाकून देण्याला आहे. तीच परिस्थिती सोसून जी आई मूल जवळ ठेवते आणि कडी लावून पाळीला जाते, तिच्यासाठी ही सवलत नाही. मुलाला धरून राहणारीला कायदा जास्त कठोर, हे मला सहन होत नाही.

अशा वेळी कायद्याचे अभ्यासक शेपर्ड खटल्याकडे बोट दाखवतात, आणि मीही बराच काळ त्यावर विसंबून होतो. इंग्लंडमध्ये 1979 च्या जानेवारीत सोळा महिन्यांचे एक बाळ थंडीने आणि कुपोषणाने दगावले. आईबाप गरीब, बुद्धीनेही बेताचे. बाळाला डॉक्टरची गरज आहे हे आम्हाला उमगलेच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. खालच्या न्यायालयाने त्यांना मुलांविषयीच्या 1933 च्या कायद्याखाली दोषी ठरवले. सुज्ञ पालकाला धोका कळला असता ना, मग पुरे, असा तिथला निकष होता. 1980 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी तो खोडला. पालकाला धोका ठाऊक होता का, किंवा धोका असला तरी त्याला फिकीर नव्हती का, हे सिद्ध झाले पाहिजे, असे लॉर्ड डिप्लॉक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ठरवले. शिक्षा रद्द झाली.

पण हा निकाल काळेवाडीला लावून पाहिला की तो अपुरा पडतो. शेपर्डने वाचवले ते अजाण आईबापांना. इथली आई अजाण नाही. खोलीत गॅसची शेगडी आहे, उघडी वायर आहे, हे तिला पक्के ठाऊक असते. ठाऊक असूनही ती जाते, कारण खाडा झाला की ठेकेदार दुसरीला घेतो. शेपर्डच्या कसोटीवर तीच दोषी ठरेल. लॉर्ड फ्रेझर आणि लॉर्ड स्कारमन यांनी वेगळे मत दिले ते मुलाच्या संरक्षणासाठी, हेही मला आता नजरेआड करता येत नाही. आईच्या मनात काय होते याने मुलाची जखम भरत नाही. मग अजाणपणाचा युक्तिवाद सोडून देऊन नाइलाजाचा मांडायला हवा.

आणि तो मांडायला मला ताराबाई शिंदे लागतात. 1881 मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशी सुनावली गेली. मुंबई उच्च न्यायालयात अपील झाले आणि फाशीऐवजी काळ्या पाण्याची शिक्षा ठरली. गुन्हा वेगळा आणि कितीतरी गंभीर होता. पण वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर चिखलफेक झाली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाईंनी 1882 मध्ये पुण्यातून ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापले. पिंजऱ्यात उभी असलेली एकटी बाई सोडून त्यांनी तिला तिथवर आणणाऱ्यांची झडती घेतली. अपिलाने शिक्षा घटली तरी ती झडती न्यायालयात झालेली नव्हती.

आजही होत नाही. कारखाने कायद्यात पाळणाघराची सक्ती आली ती महिला कामगार मोजून. 1976 पासून 2025 पर्यंत, तीसपेक्षा जास्त असतील तरच. एकोणतीस बायका आणि हजार पुरुष असतील तर सक्ती नव्हती, जणू त्या हजारांना मुलेच नव्हती. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात पन्नास कर्मचाऱ्यांची अट आली, पण पाळणाघरात दिवसातून चारदा जाण्याची मुभा फक्त आईला. बापाचे नावही नाही.

म्हणून कलम 75 च्या सवलतीत दुर्लक्षाचाही समावेश व्हावा, अशी माझी मागणी आहे. तोवर अशा अपिलात बचावाच्या वकिलाने कंपनीची आणि ठेकेदाराची हजेरी न्यायालयापुढे मागवावी, पाळणाघर कुठे होते हे विचारावे, आणि त्या दिवशी बाप कोणत्या पाळीला होता हेही नोंदवून घ्यावे.