वर बसा

श्रावणातला रविवार. आमच्या सोसायटीतली चार बिऱ्हाडं तुंगारेश्वरला निघाली. वसईच्या पूर्वेचा हा डोंगर २००३ साली अभयारण्य झाला. एका अंगाला संजय गांधी उद्यान, दुसऱ्या अंगाला तानसा, आणि मधली ही बिबट्याच्या जाण्यायेण्याची वाट. वनखात्याच्या नाक्यावर पावती घ्यायची, महादेवाच्या देवळापर्यंत चालायचं, धबधब्यात भिजायचं आणि उजेड आहे तोवर परतायचं. वाटेत ओढा पुन्हा पुन्हा आडवा येतो. त्या दिवशी पाणी घोट्याइतकंच होतं.

ओढ्याच्या मधोमध एक पसरट काळा खडक सापडला. चटया अंथरल्या, थालीपिठांचे डबे उघडले. काठावर एक वारली आजी काकड्यांची टोपली घेऊन बसली होती. आमच्यातल्या एका काकांनी पाच रुपयांसाठी तिच्याशी बरीच घासाघीस केली होती आणि शेवटी काही न घेताच आले होते.

थोड्या वेळानं तिनं टोपली उचलली, चढावर नेऊन ठेवली आणि हाक मारली, "दादा, पोरांना घेऊन वर या. वर बसा."

"आपण वर गेलो की तिच्या काकड्या खपतील," काका म्हणाले. आम्हा सगळ्यांना ते पटलं. ऊन पडलं होतं. फोनवरही पावसाचं चिन्ह नव्हतं.

आजीनं पुन्हा हाक मारली. आता आवाज चढला होता. पाण्यात पाय सोडून बसलेली आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "आई, मघाशी माझी बोटं दिसत होती." पाणी चहासारखं झालं होतं. वरून हिरवी पानं वाहत येत होती. मुलगी उठली आणि सरळ आजीकडे चालू लागली. तिच्यामागे आई, आईमागे बाकीची पोरं, आणि त्यांना परत आणायला म्हणून आम्ही.

खडक बुडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. चटया गेल्या, डबे गेले. आम्ही बसलो होतो तिथूनच मांडीएवढा ओंडका गरगरत गेला.

वरच्या पठारावर पाऊस कोसळला होता. उभा उतार आणि खाली कातळ, त्यामुळे तिथलं पाणी जिरत नाही, सगळं घळीत धावतं. खालच्या उन्हाला त्याचा पत्ताही नसतो. पावसाळ्यात कुठल्याही धबधब्याला जा, पण डबा काठावरच उघडा. ओढ्यातला खडक कितीही सपाट असो.

काकांनी आजीला विचारलं, "कसं कळलं तुम्हाला?"

"आधी पानं येतात. मग काटक्या. ओंडका आल्यावर सांगून काय उपयोग?"

पाणी उतरायला तीन तास लागले. पोरं भुकेली होती. आजीनं काकड्या चिरल्या, मीठ-तिखट लावलं आणि आधी त्यांच्या हातात दिल्या. काकांनी शंभराची नोट पुढे केली, सगळी ठेवा म्हणाले. तिनं काकड्या मोजल्या, मघाचाच भाव लावला आणि उरलेले पैसे परत दिले.