वाटेचे ऋण

मनुष्याने केवळ आनंदासाठी चालावे यात गैर काहीच नाही. परंतु ज्या वाटेवर तो आनंदासाठी चालतो, ती दुसऱ्या कोणी पोटासाठी घडविलेली असेल, तर त्याचे तिच्याशी नाते कोणते? प्रश्न वरवर पाहता रिकाम्या वेळचा वाटेल. पण इटलीच्या एका किनाऱ्याची हकीकत ध्यानात घेतली म्हणजे त्याचे गांभीर्य कळू लागते.

इटलीच्या वायव्येस, लिगूरिया प्रांतात, ‘चिंक्वे तेर्रे’ म्हणजे ‘पाच भूमी’ या नावाची पाच गावे आहेत: मोंतेरोस्सो, वेर्नाझ्झा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे. येथे डोंगर थेट समुद्रात उतरतो. सपाट जमीन जवळजवळ नाहीच. म्हणून तेथील शेतकऱ्यांनी शेकडो वर्षे खपून उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेते काढली आणि चुन्यावाचून दगडावर दगड रचून त्यांना बांध घातले. अशाच कोरड्या रचाईच्या कुंपणाला आपल्या कोकणात गडगा म्हणतात. या बांधांच्या आधाराने द्राक्षवेली व ऑलिव्हची झाडे वाढली. आणि पाठीवर टोपल्या वाहणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या पायांखाली गावांना जोडणाऱ्या वाटा पडल्या.

१८७४ साली या किनाऱ्याने आगगाडी धावू लागली. एका गावाहून शेजारच्या गावी जाण्यास तिला काही मिनिटे लागतात. मोंतेरोस्सोहून वेर्नाझ्झास पायी जाण्यास सुमारे दोन तास. तरीही देशोदेशींची कुटुंबे मुलांना बरोबर घेऊन ही वाट चालतात. एखादे दमलेले मूल विचारीत असेल, “गाडी असताना आपण चालतो कशासाठी?” वडील उत्तर देतील की, पायांनी मिळविलेले गाव डोळ्यांना अधिक सुंदर दिसते. हे उत्तर खोटे नव्हे. कोर्निल्याच्या स्टेशनावरून गावात चढणाऱ्या पावणेचारशेहून अधिक पायऱ्या मोजीत जाणाऱ्या मुलाला चढ म्हणजे काय हे जसे कळते, तसे ते भूगोलाच्या पुस्तकातून कळत नाही. शिवाय बरोबर चालणाऱ्यांत जो सर्वांत सावकाश, त्याच्या चालीने सर्वांनी चालायचे, हा धडाही कुटुंबाला अशाच वाटेवर मिळतो.

परंतु येथेच एक पेच उभा राहतो. १९९७ साली युनेस्कोने या प्रदेशाला जागतिक वारशाचा मान दिला, तो मुख्यतः निसर्ग आणि मानवी श्रम यांच्या संगमासाठी. लोक येतात ते ही पायऱ्यांची शेते पाहण्यास. लोक येतात म्हणून खाणावळी चालतात, खोल्या भाड्याने जातात. आणि त्यात शेतीपेक्षा कमी कष्टांत अधिक पैसा मिळतो. मग उतारावरची शेते ओस पडू लागतात. कोरडा बांध दरसाल हात मागतो. एक दगड निसटला आणि तो कोणी परत बसविला नाही, तर पावसाचे पाणी तेथून वाट काढते, मागची माती फुगते आणि एके दिवशी सगळा बांध खाली येतो. २५ ऑक्टोबर २०११ च्या अतिवृष्टीत वेर्नाझ्झा व मोंतेरोस्सो यांच्या गल्ल्या चिखलदगडांनी भरल्या, माणसे दगावली. मूळ कारण पाऊस हे खरे. पण निगराणी सुटलेला उतार अशा पावसापुढे अधिक दुबळा ठरतो. २०१२ साली दरड कोसळून रिओमाज्जोरे व मानारोला यांमधील प्रसिद्ध ‘प्रेमाची वाट’ बंद पडली; ती पूर्ववत खुली होण्यास २०२४ साल उजाडले. म्हणजे ज्या दृश्यावर आपण लुब्ध होतो, त्याचा पाया आपल्याच लोभाने थोडाथोडा ढिला होत असतो.

यावर कोणी म्हणेल, किनाऱ्यावरच्या मुख्य वाटांसाठी शुल्क आहे. ते भरले की प्रश्न मिटला. आम्हां कारकुनांना हा युक्तिवाद मोठा सोयीचा वाटतो, कारण पावती जोडली की प्रकरण निकालात निघते, असा आमचा रोजचा अनुभव. पण पावती किमतीची असते, ऋणाची नसते. किंमत ज्याची त्याला देऊन माणूस मोकळा होतो. ज्यांनी हे दगड रचले, ते केव्हाच गेले. त्यांना काय देणार?

दुसरा कोणी उलट म्हणेल की, शेतकऱ्यांनी मग जन्मभर टोपल्याच वाहाव्यात काय? हा आक्षेप अधिक खरा आहे. आपल्या डोळ्यांच्या सुखासाठी दुसऱ्याच्या पाठीवर ओझे राहावे, अशी इच्छा धरणे हा क्रूरपणाच होय. त्या गावच्या मुलीने वेली सोडून हॉटेल काढले, तर तिला बोल लावण्याचा अधिकार वाटसरूला नाही.

आमच्या मते वाट निघते ती आपल्या परंपरेतील ऋणाच्या कल्पनेतून. ऋषिऋण ऋषींना परत करून फिटत नाही, अध्ययनाने फिटते. पितृऋण पुढची पिढी वाढविल्याने फिटते. ऋण मागून आलेले असते आणि पुढे द्यावयाचे असते. वाटेचे ऋणही तसेच. आखलेली वाट सोडून बांधावर पाय न देणे, त्याच शेतांतली द्राक्षे वा मद्य विकत घेऊन शेतीला हातभार लावणे, गर्दीच्या महिन्यांऐवजी इतर वेळी जाणे, आणि मुलाला दृश्य दाखविताना दगड रचणारा हातही दाखविणे: एवढे तरी चालणाऱ्याच्या हाती आहे. याने ऋण पुरते फिटेल असे नाही. पण ते आहे हे विसरले जाणार नाही.

बदलीच्या गावी आयुष्य काढणाऱ्या आपणां मंडळींना हे समजण्यास कठीण जाऊ नये. आपण ज्या रस्त्यांवरून कचेरीस जातो, ज्या विहिरींचे पाणी पितो, ज्या झाडांच्या सावलीत मुलांना खेळवितो, त्यांपैकी बहुतेक काही आपल्या पूर्वजांचे नाही. भाडे व कर आपण वेळेवर भरतो. तेवढ्याने आपण त्या गावाचे देणे फेडले असे ज्यास वाटत असेल, त्याने तेथून निघण्यापूर्वी निदान एक निसटलेला दगड जागेवर बसविला आहे की नाही, हे स्वतःस विचारावे.