बुंधा गेला, वड उभा



चैत्री एकादशीस वारकऱ्याने कोठे असावे, हे आम्ही तुम्हांस सांगावयास नको. चंद्रभागेच्या वाळवंटी असावे. आणि आम्ही मात्र गेल्या वर्षीच्या चैत्री एकादशीस हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर, हावड्याच्या शिवपूर भागातील वनस्पती-उद्यानात छत्री धरून उभे होतो. हे कसे झाले ते आधी सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे निरूपण त्या चुकीवरच उभे आहे.

कलकत्त्यास (आता कोलकाता म्हणतात, पण आमच्या तोंडी जुनेच बसले आहे) काही मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहतात. त्यांनी रामनवमीच्या कीर्तनास बोलावले. नवमीस कलकत्त्यात कीर्तन केले की एकादशीस पंढरी गाठणे होत नाही, हा हिशेब कोणासही करता येईल. आम्हांसही आला होता. तरी आम्ही आनंदाने होकार दिला. लोकांस सांगितले, परप्रांतीच्या भाविकांची सेवा आहे, नाही कसे म्हणावे? पण माउलींनो, साठी उलटल्यावर तरी खरे बोलावे. खरे कारण दुसरे होते.

आमचे गुरुमहाराज वैकुंठवासी झाले त्यास तेव्हा अकरा वर्षे झाली होती. त्यांच्यामागे फडाचे मुख्यपण कोणाकडे जावे यावरून आमच्यात आणि आमच्या वडील गुरुबंधूंत वाकडे आले. हे गुरुबंधू म्हणजे कोण? ज्यांच्याबरोबर एका पाठशाळेत, एका कंदिलाच्या उजेडात आम्ही शब्दरूपे घोकली, ज्यांच्या ताटातली भाकरी खाल्ली, ते. दिंडी दुभंगली. वीणा इकडे राहिली, पताका तिकडे गेली. चैत्री वारीला पंढरपुरात दोन्ही बाजूंचा उतारा एकाच मठात असतो. मधे एक भिंत. पलीकडून त्यांचा खोकला ऐकू येतो आणि आम्ही कूस बदलतो. तो खोकला ऐकावयास नको म्हणून आम्ही कलकत्त्यास गेलो होतो. असो.

एकादशीचा दिवस. कीर्तन नव्हते. आमच्या यजमानांची मुलगी वनस्पतिशास्त्र शिकते. ती म्हणाली, "महाराज, तुम्ही कीर्तनात नेहमी झाडांचे दृष्टांत देता. चला, तुम्हाला एक झाड दाखवते." विद्यासागर सेतूवरून नदी ओलांडली तोच वायव्येकडून आभाळ काळे होत आले. त्या मुलखात चैत्र-वैशाखात दुपारनंतर असे वादळ उठते, त्यास काळवैशाखी म्हणतात. नाव भीतीचे, पण उन्हाने होरपळलेली माणसे तिची वाटच पाहतात. आपल्याकडे वळवाची पाहतात ना, तशी.

बाग थोर आहे. 270 एकरांच्या वर. ईस्ट इंडिया कंपनीचा रॉबर्ट किड नावाचा कर्नल, त्याने 1787 साली ती घातली. कंपनीस जहाजांसाठी साग हवा होता, मसाले हवे होते. हेतू व्यापाराचा, त्यात लपविण्यासारखे काही नाही. पण या किडसाहेबाच्या मनात आणखी एक गोष्ट होती. 1770 च्या सुमारास बंगालात भयंकर दुष्काळ पडून माणसे लाखांनी मेली. तेव्हा ज्या ताडाच्या गाभ्यातून साबुदाणा निघतो तो ताड मलायाकडून आणून येथे लावावा, म्हणजे पुन्हा दुष्काळ पडला तर लोकांच्या तोंडी काही जाईल, असे त्याने सुचविले होते. मुलीने हे सांगितले आणि आम्हांस हसू आले, कारण सकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊनच आम्ही निघालो होतो. मात्र आपण एकादशीस खातो तो साबुदाणा त्या ताडाचा नव्हे बरं का, तो कसाव्याच्या कंदाचा.

किडनंतर 1793 साली रॉक्सबर्ग हा वैद्य तेथे अधिकारी झाला. त्याने येथल्या चिताऱ्यांकडून हजारो झाडांची चित्रे काढून घेतली. 2009 पासून बागेस आचार्य जगदीशचंद्र बसू यांचे नाव आहे. वनस्पतींस संवेदना आहे हे ज्यांनी यंत्राने दाखविले, त्यांचे नाव बागेस शोभतेच.

वाटेत एक झाड लागले. त्यास तेथले लोक 'पागला गाछ' म्हणजे वेडे झाड म्हणतात. एकाच झाडाची पाने, पण एकासारखे दुसरे नाही. एक लांबट, एक फाटके, एक वाकडेच. आमच्या दिंडीची आठवण झाली. पुढे कृष्णवट पाहिला. त्याचे पान देठाशी द्रोणासारखे वळलेले असते. बाळकृष्णाने चोरलेले लोणी त्यात लपविले म्हणून ते तसे वळले, अशी कथा आहे. पावसाचे पहिले थेंब त्या द्रोणांत साठू लागले होते. तेथे आणखी थांबलो असतो, पण मुलगी म्हणाली, चला, पाऊस वाढतोय.

आणि मग तो वड.

माउलींनो, आम्ही लांबून पाहिले तेव्हा म्हटले, हे तर अरण्य आहे, झाड कोठे आहे? ती हसली. "महाराज, हे सगळं एकच झाड आहे." अडीचशे वर्षांहून अधिक वय. साडेचार एकर जमीन त्याने व्यापली आहे. साडेतीन हजारांहून अधिक पारंब्या जमिनीत उतरून खांब होऊन उभ्या. भोवती 330 मीटरांचा रस्ता केला, तर झाड तोही ओलांडून पलीकडे गेले! सांगतात की याचे बी मुळात एका खजुरीच्या झाडावर पडले आणि तेथेच रुजले. ती खजुरी आता नाही. वड दुसऱ्याच्या खांद्यावर वाढतो आणि त्यालाच आवळून टाकतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे; पवित्र म्हणून त्याचे सगळेच गुण घेऊ नयेत.

गेली तीस वर्षे गीतेच्या पंधराव्या अध्यायावर आम्ही निरूपण करीत आहो. वर मूळ, खाली फांद्या असा जो संसारवृक्ष भगवंतांनी सांगितला तो अश्वत्थ, म्हणजे पिंपळ. 'श्वः' म्हणजे उद्या. जो उद्यापर्यंत टिकत नाही तो अश्वत्थ, अशी व्युत्पत्ती भाष्यकारांनी दिली आहे. वडास संस्कृतात न्यग्रोध म्हणतात. 'न्यक्' म्हणजे खाली. खाली वाढतो तो न्यग्रोध. दोन्ही शब्दांची फोड आम्ही शेकडो वेळा केली असेल. शब्दाची फोड करणे सोपे असते.

आम्ही मुलीस विचारले, "यात मुख्य बुंधा कोणता?"

ती उत्तर देण्याआधीच छपराखाली उभा असलेला पहारेकरी बोलला. वय आमच्याएवढेच असेल. म्हणाला, "गुंडी नेइ, गाछ आछे." बुंधा नाही, झाड आहे.

मग मुलीने सगळे सांगितले. 1864 आणि 1867 साली दोन मोठी चक्रीवादळे झाली. त्यांत फांद्या मोडल्या आणि जखमेतून बुरशी आत शिरली. मधल्या मूळ खोडाचा घेर 50 फुटांहून अधिक, पण आतून कुजत चालला. शेवटी 1925 साली ते खोडच काढून टाकले, नाही तर कीड सगळ्या झाडात पसरती. आज शंभर वर्षे झाली, झाड बुंध्यावाचून उभे आहे, एवढेच नव्हे तर वाढते आहे. 2020 च्या मे महिन्यात अंफान वादळ आले, त्यात बागेतली झाडे मोठ्या संख्येने पडली, याच्याही काही पारंब्या मोडल्या. पण झाड राहिले. कारण पारंबी जमिनीस लागली की जाड होते, स्वतः पाणी ओढते, आपल्या वरच्या फांदीचा भार आपण उचलते.

आम्ही कुंपणाबाहेर उभे. पाऊस कोसळत होता. अधांतरी लोंबणाऱ्या कोवळ्या पारंब्या वाऱ्याने हलत होत्या आणि प्रत्येकीच्या टोकाशी पाणी ओघळून थेंब धरत होता. पहारेकऱ्याने हातवारे करून सांगितले ते मुलीने आम्हांस मराठीत सांगितले : कोवळ्या पारंबीस माळी पोकळ बांबूत घालतात, बांबूत माती भरतात, आणि त्या आधाराने ती खाली उतरते. जमिनीस पोहोचेपर्यंत तिला जपावे लागते. पोहोचल्यावर मग तिला कोणी विचारीत नाही.

तेथे आमच्या मनात आळंदीची गोष्ट आली. तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. ज्ञानोबा माउलींच्या कंठास अजानवृक्षाची मुळी लागली, माउलींनी नाथांस स्वप्नात ती काढावयास सांगितले. नाथ आळंदीस गेले, मुळी काढली, आणि पुढे 1584 साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. मुळीच ती. शिवपूरच्या वडास मुळीने उभे ठेवले आणि आळंदीस मुळीने माउलींचा कंठ आवळला. फरक तो काय? एक मुळी जमिनीकडे गेली, दुसरी गळ्याकडे.

दृष्टांत एकदेशी असतो, सर्वांशी लावू नये, असे आम्ही विद्यार्थ्यांस शिकवितो. म्हणून सांगतो, कापलेला बुंधा म्हणजे गुरुमहाराज नव्हेत. असा अर्थ कोणी काढील तर पाप लागेल. ज्यासाठी आम्ही दोघे भांडलो ते मुख्यपण म्हणजे तो बुंधा. तो आतून केव्हाच कुजला होता. गुरुमहाराजांनी आम्हांस बांबूत घालून, माती भरून, वर्षानुवर्षे जपले ते आम्ही भुईस टेकून चार माणसांचा भार उचलावा म्हणून. आणि त्यांच्या मागे आम्ही काय केले? दोघेही त्यांच्या गळ्याला वेढा घालून बसलो. "महाराज माझे." "नव्हे, माझे." अकरा वर्षे. या काळात फडावरची किती तरुण पोरे टाळ ठेवून निघून गेली, त्यांस कोणता बांबू आम्ही दिला? त्यांची नावेही आम्हांस नीट आठवेनात, हे त्या पावसात उभे राहून कळले.

साडेतीन हजार खांबांत मुख्य कोण, असे त्या पहारेकऱ्यास विचारण्याची आम्हांस लाज वाटली. विचारून तर बसलो होतोच.

अंधार पडू लागला, फाटक बंद होण्याची वेळ झाली. धोतर पोटरीपर्यंत भिजलेले. घरी येऊन हरिपाठ केला आणि यजमानांकडून एक पोस्टकार्ड मागून घेतले. लिहिताना फार शास्त्र मांडले नाही. आम्ही चैत्रीस का आलो नाही ते लिहिले, आणि वडाचे लिहिले. वीणा आषाढीस तुमच्याकडे पाठवितो, असेही लिहिले. कार्डावर जागा उरली नाही म्हणून दंडवत पत्त्याच्या बाजूस आडवा लिहावा लागला.

वैशाख गेला, उत्तर नाही. आम्ही म्हटले, ठीक आहे, अकरा वर्षांची गाठ एका कार्डाने सुटावी ही अपेक्षाच जास्त. ज्येष्ठात उत्तर आले. हात कापत असावा, अक्षर पूर्वीचे राहिले नव्हते. "वीणा पाठवू नये, घेऊन यावे. गुडघे चालत नाहीत, तरी वाखरीपासून तुमच्या दिंडीत चालेन. वडास पारंब्या किती म्हणालात? आकडा भिजल्याने वाचता आला नाही."

आकडा आम्ही कार्डाने कळविला नाही. वाखरीस समक्ष सांगितला.