काडी बाहेर न्यायची नाही

दरवर्षी डिसेंबरात मामांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसते, एवढी सुपारी वाळत पडलेली असते. 2020 साली जेमतेम एक कोपरा भरला होता. बाकी अंगणात फुटक्या कौलांचा ढीग. 3 जूनच्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं, त्याला सहा महिने होऊन गेले होते. मामांचं गाव तिथून फार लांब नाही. नाव लिहीत नाही, कारण वाद अजून मिटलेला नाही.

वाद देवराईचा. देवळामागच्या राईतली कितीतरी मोठी झाडं त्या दुपारी आडवी झाली. बेहडे, सातविणी, दोघांच्या कवेत न मावणारा एक आंबा. पडली तिथेच ती अजून होती. राईतली काडी बाहेर न्यायची नाही, हा गावचा जुना नेम. आता ती काडी लाखांच्या मोलाची झाली होती, आणि गावातल्या कितीतरी घरांवर अजून निळी ताडपत्री होती.

मामा देवस्थानच्या पंचांपैकी एक. मी पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवते. ओटीवर टेकते न टेकते तोच त्यांनी सुरुवात केली.

"तू म्हणणार, लाकडाला हात लावू नका. कुजू दे म्हणणार."

"म्हणणारच होते. पण आत्ता तुमच्या वाडीतून आले, तिथे तसं म्हणवत नव्हतं."

"वाडीत काय कुजवतेस? सुपारी कमरेत मोडली की संपली. तिला शेंडा एकच, दुसरा कोंब नाही. आजोबांच्या हातची झाडं दोन-तीन तासांत गेली. आता रोपं आणायची, त्यांना ऊन सोसत नाही म्हणून आधी केळी लावायच्या, केळीच्या सावलीत सुपारी जगवायची आणि सहा-सात वर्षं शिंपत बसायचं. चार जायफळं वाचली होती, ती उन्हाने करपली. वरचं छप्परच गेलं ना, घराचं तसं त्यांचंही."

"आणि राईत?"

"राईत कोण शिंपतंय?"

"तेच सांगतेय. तो आडवा झालेला जांभूळ बघितलात? अर्धी मुळं मातीत आहेत अजून. खोडावर ओळीने कोंब फुटलेत, हातभर वाढलेत. जांभळाच्या सालीखाली झोपलेले डोळे असतात, शेंडा गेला तर ते जागे होतात. माडाला, सुपारीला ते नाहीत. वारा एकच होता, मामा. पण वाडी उभी करायची तर हात चालवावे लागतात आणि राई उभी राहायची तर हात बांधून बसावं लागतं."

मामांनी अडकित्ता खाली ठेवला.

"हात चालवायचे सरकारने काहीतरी दिले तरी. आधी म्हणाले हेक्टरी 50 हजार. आमच्या वाड्या गुंठ्यांच्या, हेक्टराच्या हिशेबात हाताला काय लागणार? ओरड झाली तेव्हा झाडामागे ठरलं, नारळाला 250 आणि सुपारीला 50. पन्नास रुपये, बाय! पण कागदावर रकाना तरी होता. देवराईतलं लाकूड विकलं नाही, कुजू दिलं, याचा रकाना दाखव मला. हात बांधून बसायची मजुरी कोण देतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग शिक्षक मंडळी अशा वेळी जे करतात तेच मी केलं, परदेशातलं उदाहरण काढलं.

"जर्मनीत बव्हेरियन फॉरेस्ट म्हणून राष्ट्रीय उद्यान आहे, त्यांचं पहिलं. 1983च्या ऑगस्टमध्ये वादळाने तिथली झाडं झोपवली. आजवरची रीत अशी की पडलेलं लाकूड ताबडतोब उचलायचं. तिथल्या मंत्र्याने ठरवलं की गाभ्यातलं उचलायचं नाही."

"गाववाले काय म्हणाले?"

"चिडले. पडलेल्या झाडांत साल पोखरणारा किडा वाढतो, तो मग उभ्या झाडांवर चढतो. नव्वदच्या दशकात वरच्या डोंगरांवरची स्प्रूसची रानंच्या रानं वाळली, करडी पडली. लोक म्हणाले, आमचं रान तुम्ही मारलंत. पुढे त्या करड्या खोडांखालून नवी रोपं आली, कोणी न लावता. आज तिथे तरुण जंगल आहे."

"म्हणजे मंत्री बरोबर होता."

"मला तसं वाटतं."

"आणि सत्तरीचा एखादा म्हातारा, ज्याने ते करडं रान बघितलं आणि त्यातच डोळे मिटले? त्याचं जंगल कुठे परत आलं?" मामांनी एक खांड तोंडात टाकलं. "शिवाय ते सरकारी जंगल. सरकारच्या डोक्यावर ताडपत्री नव्हती."

मी आणखी एक उदाहरण दिलं. अमेरिकेत 1938च्या चक्रीवादळात न्यू इंग्लंडची जंगलं पडली होती. सरकारने यंत्रणा उभारून लाकूड गोळा केलं, ओंडके तळ्यांत साठवून ठेवले. त्या सगळ्या साफसफाईने जंगलाला मदत झाली की इजा, हे तपासायला हार्वर्डच्या वनकेंद्रात 1990 साली मोठमोठी झाडं दोराने ओढून पाडली आणि तशीच सोडून दिली. उन्मळलेल्या बऱ्याच झाडांना पुढेही पालवी फुटत राहिली, माती जागेवर राहिली.

मामा हसायलाच लागले. "मुद्दाम पाडली? आमच्याकडे यायचं होतं, फुकट दाखवली असती."

हसणं ओसरल्यावर त्यांनी गाणी गावचा विषय काढला. श्रीवर्धन तालुक्यातलं हे गाव देवराईच्या अभ्यासकांना चांगलं माहीत आहे. रायगडाला कुलाबा जिल्हा म्हणत त्या काळातली, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. तिथली राई तोडीला लागणार असं दिसताच गावकऱ्यांनी माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांना पत्र पाठवून बोलावून घेतलं. राई गेली तर आमचा झरा आटेल, असं त्यांचं म्हणणं होतं. तोड थांबली.

"देवीचा धाक त्यांनाही असणारच," मामा म्हणाले, "पण पुण्याच्या माणसांना सांगितलं पाण्याचं. शास्त्रवाल्याला पाणी कळतं. आता तूही शास्त्रवाली आहेस, तर खरं सांग. पडलेले ओंडके नेले तर आमचा झरा आटेल?"

"नुसते ओंडके नेऊन नाही आटणार."

"झालं तर मग!"

"पण ते नेणार कसे? जेसीबी घालणार, ट्रॅक्टर घालणार. माती दाबली जाईल, वादळाने जेवढी रोपं ठेवली तेवढी चाकाखाली जातील. ओंडका मुसळधार पावसात माती अडवतो, ओल धरतो, त्याच्या आडोशाला बी रुजतं."

"खांद्यावरून नेले तर?"

"मामा, तुम्ही वकिली करताय."

"करायलाच हवी. सभेत सगळे वकीलच होते. मुंबईची मंडळी म्हणाली, देवळाच्या कामासाठी राईतलं लाकूड घ्यायला पूर्वीपासून मुभा आहे, कौल घेऊन. खरं आहे ते. देवळाचे वासे राईतलेच. पण त्यांना वासे नको आहेत, स्लॅब पाहिजे. म्हणजे देवीचं लाकूड विकायचं, त्या पैशाचं सिमेंट आणायचं आणि म्हणायचं, देवीचं देवीलाच दिलं."

(हे मामांच्या गावापुरतं नाही. कोकणात जीर्णोद्धाराच्या नावाखाली देवळं मोठी आणि राया लहान होत गेलेल्या मी बऱ्याच ठिकाणी पाहिल्या आहेत. ज्या मुभेने दोन वासे निघायचे, तिच्याच दारातून अख्खी राई बाहेर पडते. वादळापेक्षा मला या स्लॅबची भीती जास्त वाटते.)

"मग तुमचं मत विकायच्या विरुद्ध आहे," मी म्हटलं. "इतका वेळ माझ्याशी का भांडताय?"

"विरुद्ध आहे, पण तू म्हणतेस त्या कारणाने नाही. रोपं, माती, ओल असेल बाई. मला भीती दुसरी. आज ठरलं की पडलेलं झाड न्यायला हरकत नाही, तर पुढच्या वर्षापासून झाडं जास्त पडायला लागतील. वारा नसताना."

मी बघतच राहिले.

"बुंध्याशी रात्री थोडा जाळ घालायचा," ते शांतपणे म्हणाले, "दोन पावसाळ्यांत झाड आपसूक पडतं. कोणी तोडलं नाही, कोणी पाप केलं नाही. पडलेलं आणि पाडलेलं यांतला फरक सांगायला देवी येत नाही. म्हणून जुन्या लोकांनी फरकच ठेवला नाही. काडी बाहेर न्यायची नाही, मग ती कशीही पडलेली असो."

मी हा नेम आजवर झाडांच्या बाजूने वाचत आले होते. कुजणारं लाकूड, बुरशी, ढोलीत राहणारे पक्षी, असं शिकवतही आले. मामांनी तो माणसाच्या हाताच्या बाजूने वाचला होता. पण त्या वाचनात एक जागा मला टोचत होती.

"आणि कातकरीवाडी?"

मामा गप्प.

"राईच्या कडेला त्यांची घरं. सर्वांत आधी त्यांची उडाली, पंचनाम्याला माणूस सर्वांत शेवटी तिकडे गेला. सभेला त्यांच्यातलं कोण होतं?"

"दोघे होते. पायरीखाली."

"बोलले?"

"विचारलं नाही कोणी."

"मग गाव म्हणजे कोण, मामा? तुम्ही हात बांधून बसलात तर तुमची सुपारी केळीच्या सावलीत पुन्हा वाढेल. त्यांना आज रात्री चूल पेटवायची आहे. नेम पाळायचा ठरला तर हात सगळ्यांचे बांधले जातात, पण काच सगळ्यांना सारखा लागत नाही."

"सरपण नेलंय त्यांनी," मामा खालच्या आवाजात म्हणाले. "फांद्या-फांद्या. मला माहीत आहे. मी बघितलेलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे संध्याकाळी मी त्या बाजूला जात नाही. नेम मोडणं वेगळं, नेम बदलणं वेगळं. मोडणाऱ्याला ठाऊक असतं आपण काय करतोय, तो गरजेपुरतं नेतो. बदलला की मग गरज मोजायची कोणी? मोठी गरज मोठ्या घरचीच निघते."

मला हे जवळजवळ पटलं होतं. जवळजवळच.

"पण तुमच्या न बघण्यावर त्यांची चूल पेटणार, हे बरोबर आहे? आज तुम्ही पंच आहात. उद्या दुसरा कोणी मुद्दाम संध्याकाळी तिकडे जाईल आणि बघेल. तेव्हा ते चोर ठरतील. हक्क म्हणून दिलेल्या मोळीला कोणाच्या दयेची गरज नसते."

"मोळीचा हक्क लिहून दिला की मोळ्या वाढतात."

"कोणाच्या? त्यांच्या, की त्यांच्या नावावर दुसऱ्यांच्या?"

मामांनी अंगणातल्या ढिगाकडे हात केला. "घरावरची कौलं गेली, आता देवीचा कौल तेवढा राहिला. पौर्णिमेनंतर लावायचा ठरलाय. उजवा आला की मोकळे."

"प्रश्न काय विचारणार?"

"तिथेच अडलंय. मुंबईकर म्हणतात विचारा, लाकूड विकू का? माझं म्हणणं, विकू नको असंच आहे ना, असं विचारावं. गुरव म्हणतो, देवीला उलटे प्रश्न चालत नाहीत." ते थोडा वेळ थांबले. "कातकऱ्यांचा प्रश्न कोणी सुचवलाच नाही. तू म्हणतेस तर मांडीन. पण तोही मीच विचारायचा ना? ते पायरीखालीच."

ऊन कलल्यावर आम्ही राईकडे निघालो. मामांनी काठावर चपला काढल्या, मीही काढल्या. आत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती उजेड. लहानपणी इथे भर दुपारी संध्याकाळ असायची. गारंबीचा जाड वेल झाडांबरोबर खाली आला होता आणि आडव्या खोडांवर अजगरासारखा पसरला होता. उघडं आभाळ जिथे जिथे दिसत होतं तिथे तिथे खाली हिरवं दाट माजलं होतं. मामांना ते बघून बरं वाटलं.

"बघ, आलं की तुझं रान."

"हे रान नाही, मामा. ही रानमोडी आहे. दक्षिण अमेरिकेतली. उन्हाचा तुकडा मिळाला की घुसते. आता फुलेल, मग म्हातारीसारखं बी वाऱ्यावर सोडेल. इथली रोपं हिच्याखाली गुदमरतील."

"मग उपटायला हवी."

"हवी."

"म्हणजे हात लावायचा."

मी काही बोलले नाही. तासाभरापूर्वी हात बांधून बसा असं मीच म्हटलं होतं. मामा वाकले, एका झुडपाला मुळाशी धरलं आणि हिसका दिला. पावसाने भुसभुशीत झालेली माती अजून तशीच होती, झुडूप सहज आलं. त्याच्या खाली अंजनीची दोन इवली रोपं होती, पिवळट पडलेली.

झुडूप हातात धरून मामा तसेच उभे राहिले. काठाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आता हे टाकू कुठे? बाहेर तर नेता येत नाही."

"इथे टाकलंत तर पुन्हा मुळं धरेल."

त्यांनी थोडा विचार केला. मग आडव्या पडलेल्या आंब्याच्या खोडावर ती रानमोडी त्यांनी मुळं वर करून उलटी अडकवली, हात धोतराला पुसले आणि दुसरीसाठी वाकले.