अर्जावर नाव कुणाचं?

माझा मित्र जाऊन सव्वा महिना झाला तरी त्याची बॅटरी खुंटीला तशीच होती. चार सेलची, काचेवर वाळलेल्या चिखलाचा ठिपका. कालव्याचं आवर्तन सुरू झालं की ती घेऊन तो रात्री-अपरात्री चारीवर निघायचा. मुळेच्या उजव्या कालव्यावर तो 22 वर्षं कालवा निरीक्षक होता आणि मी त्याच कचेरीत कारकून. त्या संध्याकाळी अनुकंपा नोकरीचा अर्ज घेऊन मी त्याच्या घरी गेलो होतो.

वहिनींनी अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

“भावोजी, यावर माझं नाव घाला.”

“वहिनी, मी लेकाचं धरून चाललो होतो. तोही तसंच म्हणतोय.”

“तो कॉलेज सोडून यायला निघालाय. दुसरं वर्ष चालू आहे त्याचं. एकदा प्रतीक्षायादीत नाव लागलं की पोराचं चित्त पुस्तकात राहील का? रोज उठून पत्राची वाट बघत बसेल.”

“पण तुम्ही दहावी. मिळालीच तर गट ड मधली, शिपायाची जागा मिळेल. तो पदवी घेऊन गट क मध्ये बसू शकतो. आणि तुमचं वय 43. पंचेचाळिशीला मर्यादा संपते. दोन वर्षांत यादी पुढं सरकली नाही तर?”

“नाही सरकली तर पेन्शन आहे, दोन म्हशी आहेत. पतसंस्थेचा हप्ता जाऊन हाताशी थोडंच उरतं, ते मला माहीत आहे. पण तुम्हीच मागं सांगितलं होतं ना, कोर्ट काय म्हणालं ते?”

सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं 1994 मध्ये हरियाणातल्या एका खटल्यात स्पष्ट केलं होतं, की अशी नोकरी हा वारसाहक्क नव्हे. कर्ता माणूस गेल्यावर घरावर अचानक कोसळलेलं संकट निभावून नेण्यापुरती ती सोय आहे.

“मग संकट आज आहे,” वहिनी म्हणाल्या. “आज या घरात कामाला मोकळं कोण आहे? मीच ना?”

मला उत्तर सुचेना. मग जे मनात सलत होतं तेच बोललो.

“ज्या कचेरीत लोक त्याला साहेब म्हणायचे, तिथं तुम्ही आमच्या टेबलांवर पाणी ठेवायचं? मला ते बघवणार नाही, वहिनी.”

“तुम्हाला बघवणार नाही म्हणून पोरानं शिक्षण सोडायचं?”

आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मित्राचा मान राखतोय असं मी समजत होतो. खरं तर माझ्या मनातला मित्र जसाच्या तसा राहावा, एवढ्यासाठी मी त्याच्या बायकोला घरात बसायला सांगत होतो. दुःखात माणूस इतका आपल्यापुरतं बघतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तरी मी हटलो नाही. “त्याची इच्छा काय होती, तेही बघायला हवं.”

“लेकाबद्दल काय होती?”

“पोरानं माझ्या जागेवर बसू नये, स्वतःची जागा करावी, असं म्हणायचा. दर आठवड्याला म्हणायचा.”

“आणि माझ्याबद्दल?”

मी आठवू लागलो. 22 वर्षांत आम्ही किती डबे एकत्र खाल्ले! वहिनींच्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीबद्दल तो बोलायचा. त्यापलीकडं एक वाक्य आठवेना.

“नाही ना आठवत? काही म्हणालेच नाहीत ते. माणूस सोन्यासारखा होता. अगदी शेवटच्या, टेलच्या शेतकऱ्याचं रान भिजल्याशिवाय वरच्याला पाणी घेऊ द्यायचे नाहीत. लोकांच्या शिव्या खाल्ल्या, पण पाळी मोडली नाही. घरात टेलला मी होते, ते मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही. तक्रार करत नाही मी. पण माझ्याबद्दल ते काही ठरवून गेले नाहीत, तर ते मला ठरवता येईल ना?”

अशा वेळी मेलेल्या माणसाची इच्छा मोठी की मागं राहिलेल्याची गरज, असा पेच आहे असं मी घरून निघताना धरून चाललो होतो. समोर बसलेल्या बाईला स्वतःचीही काही इच्छा असेल, हे माझ्या हिशेबातच नव्हतं.

“बाकीच्या वारसांचं ना हरकत लागेल,” मी म्हणालो. “लेक सही करणार नाही. आईनं शिपाई व्हायचं आणि मी शिकायचं, हे मला जमणार नाही, असं फोनवर रडत सांगत होता. मी समजावतो त्याला.”

“नको. तुम्ही सांगितलंत तर बापानं सांगितल्यासारखं होईल, मुकाट्यानं सही करून टाकेल. मी सांगते. भांडेल माझ्याशी. भांडू दे.”

त्या आत गेल्या. ट्रंकेचं झाकण वाजलं. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी 1998 ची दहावीची गुणपत्रिका काढली. घड्यांवर कागद फाटायला आला होता. गणितात 150 पैकी 121.

“यावर माहेरचं नाव आहे. चालेल?”

“लग्नाच्या नोंदणीचा दाखला जोडावा लागेल.”

“आहे,” त्या म्हणाल्या आणि पेन मागितलं.